इंटरनेटवरील लेखनाची मिळकत



बीदर आणि कलबुर्गी या जिल्ह्यांतील सुशिक्षित तरुणांपुढे आज एक प्रश्न उभा आहे. इंटरनेटवर लिहून, अथवा मोबाईलवर चित्रफिती तयार करून, घरबसल्या पैसे मिळतात असे जिकडे तिकडे ऐकू येते. त्यात तथ्य किती? औराद, भालकी किंवा आळंद तालुक्यातील एखाद्या खेड्यात पदवी घेऊन बसलेल्या मुलास हा प्रश्न पडावा, यात नवल नाही. गावची जमीन भावाभावांत वाटली जाऊन आखूड झालेली असते, नोकरीसाठी हैदराबाद, पुणे नाही तर बंगळूर गाठावे लागते, आणि मराठी शाळेत शिकलेल्याला कन्नडमधील परीक्षेची धास्ती असते. अशा वेळी ‘महिन्याला लाख रुपये’ असे सांगणारी जाहिरात मोबाईलच्या पडद्यावर आली, की मन तिकडे धावते.

म्हणून या विषयाचा हिशेब एकदा शांतपणे मांडून पाहणे अवश्य आहे. उत्तर आधीच सांगावयाचे तर असे, की इंटरनेटवरील लेखनातून पैसे खरोखरच मिळतात. परंतु ज्या वाटेने मिळतील असे लोक समजतात, त्या वाटेने ते फार थोडे मिळतात, आणि ज्या वाटेकडे सहसा कोणी पाहत नाही, त्या वाटेने अधिक मिळण्याचा संभव असतो. ही दुसरी वाट सीमाभागातील माणसाच्या दारावरूनच जाते, हे आज आपल्याला पाहावयाचे आहे.

प्रथम ब्लॉग म्हणजे काय ते पाहू. मराठीत याला कोणी अनुदिनी म्हणतात, कोणी जालनिशी. स्वतःच्या नावाने इंटरनेटवर एक जागा घ्यावयाची आणि तीत नवे लेखन वर, जुने खाली, अशा क्रमाने प्रसिद्ध करीत जावयाचे, एवढेच त्याचे स्वरूप. १९९९ साली अमेरिकेत ‘ब्लॉगर’ ही सोय निघाली, २००३ साली ती गूगल कंपनीने विकत घेतली, आणि छापखाना, कागद व टपाल यांवाचून आपला लेख प्रसिद्ध करणे कोणासही शक्य झाले. मराठी माणूस या बाबतीत मागे नव्हता. ‘मायबोली’ हे संकेतस्थळ १९९६ सालच्या गणेशचतुर्थीस सुरू झाले, ते देशाबाहेर राहणाऱ्या मराठी मंडळींच्या उत्साहातून. २००५ साली यूट्यूब आले, तेव्हा लिहिण्याऐवजी बोलून आणि करून दाखविण्याची सोय झाली. प्रस्तुत भाषणापुरते या दोन्ही प्रकारांना मी लेखनच म्हणणार आहे, कारण दोन्हींच्या मिळकतीचे शास्त्र एकच आहे.

हे शास्त्र वाटते तितके नवे नाही. का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठीतील दिवाळी अंकांची परंपरा सुरू झाली असे मानतात, आणि ही परंपरा वाचकांच्या पैशाइतकीच जाहिरातदारांच्या आश्रयावर उभी राहिली. आपण सकाळी जे वर्तमानपत्र घेतो, त्याच्या किमतीतून त्याचा सगळा खर्च निघत नाही. उरलेला भार जाहिराती उचलतात. याचा अर्थ असा, की पत्राला मिळणाऱ्या पैशांपैकी मोठा भाग लेखाबद्दल मिळतच नाही. लेख वाचावयास थांबलेल्या माणसाच्या नजरेबद्दल मिळतो. बाजाराच्या दिवशी जिथे गर्दी जमते, तिथल्या ओट्याचे भाडे अधिक असते, तसाच हा प्रकार. ज्याला इंटरनेटवर लिहून मिळवावयाचे आहे, त्याने ही गोष्ट आरंभीच मनाशी पक्की केली पाहिजे.

आता जाहिरातीची व्यवस्था पाहू. २००३ साली गूगलने ‘ॲडसेन्स’ नावाची योजना काढली. तीत लेखकाला जाहिरातदाराकडे खेटे घालावे लागत नाहीत. लेखक आपल्या पानावर थोडी जागा मोकळी ठेवतो. वाचकाने पान उघडताच त्या जागेसाठी जाहिरातदारांमध्ये यंत्राच्या द्वारे क्षणार्धात लिलाव होतो, आणि ज्याची बोली वरचढ ठरते त्याची जाहिरात तेथे दिसते. जमलेल्या रकमेतून गूगल आपला हिस्सा कापून घेते. लेखकाच्या पदरी साधारणतः शेकडा ६८ पडतात. पूर्वी वाचकाने जाहिरातीवर बोट ठेवले तर पैसे मिळत. २०२४ च्या आरंभापासून ती दिसली किती वेळा, यावर हिशेब होतो. यूट्यूबवर मोठ्या चित्रफितींच्या जाहिरात-उत्पन्नाचे ५५ टक्के निर्मात्यास मिळतात. ‘शॉर्ट्स’ म्हणून जे आखूड तुकडे असतात, त्यांच्या बाबतीत २०२३ च्या फेब्रुवारीपासून वाट्यास आलेल्या रकमेचे ४५ टक्के मिळू लागले. परंतु जाहिरातींतील या वाटणीत येण्यासाठी एक हजार सदस्य आणि मागील बारा महिन्यांत चार हजार तास पाहिले जाणे, किंवा नव्वद दिवसांत शॉर्ट्स एक कोटी वेळा पाहिले जाणे, अशी अट आहे.

हे टक्के ऐकावयास बरे वाटतात. परंतु कशाचे टक्के, हा खरा प्रश्न. जाहिरातदार बोली लावतो ती वाचकाच्या खरेदीच्या ऐपतीकडे पाहून. न्यूयॉर्कमध्ये बसून विम्याविषयी इंग्रजी लेख वाचणारा माणूस आणि हुमनाबादेत बसून अभंगाचा अर्थ वाचणारा माणूस, हे दोघे आपल्या दृष्टीने समान असतील; जाहिरातदाराच्या दृष्टीने नव्हेत. शिवाय भारतीय भाषांना हे दार उशिरा उघडले. हिंदीचा समावेश ॲडसेन्समध्ये २०१४ च्या अखेरीस झाला, मराठीचा क्रम त्यानंतर काही वर्षांनी लागला. आजही मराठी पानावर लागणारी बोली इंग्रजीच्या मानाने अल्पच असते.

एक काल्पनिक हिशेब करून पाहू. समजा, एखाद्याने नेटाने वर्षभर लिहिले आणि त्याची पाने महिन्यास दहा हजार वेळा उघडली जाऊ लागली. खेड्यातील नव्या लेखकास ही संख्या लहान नाही. हजार वेळांना त्याच्या हाती चाळीस रुपये येतात असे धरले, तर महिन्याची मिळकत झाली चारशे रुपये. आता ॲडसेन्सचा नियम असा, की खात्यावर शंभर डॉलर साठल्याखेरीज रक्कम पाठवीत नाहीत. शंभर डॉलर म्हणजे आजच्या भावाने आठ हजार रुपयांहून अधिकच. चारशेच्या गतीने तेवढी रक्कम साठावयास वीस महिन्यांहून अधिक काळ लोटेल. त्याआधी दहा डॉलर झाले, की पत्ता खरा आहे की नाही हे पाहण्यासाठी कंपनी एक सांकेतिक आकडा टपालाने पाठविते. तो पोस्टमनकडून हाती पडून खात्यात भरावा लागतो. खेड्यातील पत्ता अर्धवट लिहिला असेल, तर गाडी तिथेच अडते.

यात अलीकडे आणखी एका अडचणीची भर पडली आहे. २०२४ सालापासून गूगल आपल्या शोधाच्या पानावर प्रश्नाचे उत्तर स्वतःच यंत्राकडून लिहवून दाखवू लागले. भारतातही ती सोय त्याच वर्षी आली. ‘तुरीच्या डाळीत प्रथिने किती’ असा सामान्य प्रश्न विचारणाऱ्याला आता कोणाचे पान उघडण्याची गरज उरत नाही. म्हणजे दहा ठिकाणचे वाचून अकराव्या ठिकाणी उतरवून काढणाऱ्या ब्लॉगचा धंदा बसल्यात जमा आहे. यंत्राकडून ढिगाने लेख लिहवून घ्यावे आणि पैसे मिळवावे, असे सांगणारेही काही निघाले आहेत. गूगलने २०२४ च्या मार्चमध्ये अशा घाऊक लेखनाविरुद्ध नियम कडक केले, आणि यूट्यूबनेही २०२५ साली साचेबंद, घाऊक चित्रफितींना मिळकतीतून वगळण्याचे धोरण अधिक स्पष्ट केले. तेव्हा ती वाट धरण्यात अर्थ नाही.

तात्पर्य, जाहिरात हे तोंडीलावणे आहे, भाकरी नव्हे. मग भाकरी कोठून येते? इंटरनेटवर लिहून ज्यांचे खरोखर बरे चालले आहे, त्यांच्याकडे पाहिले तर चार वाटा दिसून येतात.

पहिली वाट पुरस्कृत लेखनाची. एखादा व्यापारी लेखकाला ठरावीक रक्कम देतो आणि लेखक आपल्या वाचकांना त्या मालाची ओळख करून देतो. येथे वाचकसंख्येपेक्षा वाचक कोण आहेत, याला महत्त्व असते. उदगीर आणि भालकी या टापूतील दोन हजार शेतकरी जे पान नियमाने पाहतात, ते पान ठिबक सिंचनाच्या विक्रेत्याला लाख अनोळखी वाचकांच्या पानापेक्षा अधिक उपयोगाचे. दुसरी वाट दलालीची. लेखात सांगितलेली वस्तू वाचकाने दिलेल्या दुव्यावरून विकत घेतली, तर दुकानदार काही टक्के देतो. ॲमेझॉन कंपनीने ही पद्धत १९९६ पासूनच रूढ केली. पुस्तके, अवजारे, स्वयंपाकघरातील उपकरणे यांविषयी प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याला तीतून थोडेफार मिळते.

तिसरी वाट वर्गणीची. ही आपल्याला सर्वांत परिचित असून सर्वांत दुर्लक्षिलेली आहे. २०१६ साली यूपीआय आले, आणि वीस-पंचवीस रुपयांसारखी किरकोळ रक्कम मनीऑर्डरीच्या खटाटोपावाचून पाठविणे शक्य झाले. दोनशे वाचकांनी महिन्यास पंचवीस रुपये दिले, तर पाच हजार होतात. मघाच्या हिशेबातील चारशे रुपयांशी ही रक्कम ताडून पाहावी. तिकडे दहा हजार वेळा पाने उघडावी लागली, इकडे दोनशे माणसांचा विश्वास पुरला. ज्यांना कथा-कादंबरी लिहावयाची आहे, त्यांच्यासाठी ‘प्रतिलिपी’सारखी ठिकाणे आहेत. २०१४ साली सुरू झालेली ही बंगळूरची संस्था मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत लेखन प्रसिद्ध करते, आणि लेखकाला वाचकांच्या वर्गणीतून काही वाटा मिळण्याची सोय तिने केली आहे.

चौथी वाट मला सर्वांत भरवशाची वाटते. ती म्हणजे लेखनाने आपल्या स्वतःच्या मालाला अथवा कौशल्याला गिऱ्हाईक मिळविणे. याचा मराठीतील धडा शंभर वर्षांपूर्वीचा आहे. १९२० साली किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र काढले. नांगर आणि चरक तयार करणाऱ्या कारखान्याचे ते मुखपत्र होते. लोहाचे नांगर वापरावे कसे आणि का, हे शेतकऱ्याला समजावून सांगितले तर नांगर खपेल, हा साधा व्यवहार त्यामागे होता. पुढे त्याच पत्रातून ‘किर्लोस्कर’ हे महाराष्ट्रातील एक अग्रगण्य मासिक झाले. आजच्या काळात मधुरा बाचल यांचे उदाहरण घ्यावे. २००९ साली अमेरिकेत असताना त्यांनी यूट्यूबवर पाककृती दाखविण्यास सुरुवात केली. पुढे त्यांच्या मराठी पाककृतींना मोठा प्रेक्षकवर्ग लाभला आणि त्यांनी आपल्या नावाचे मसाले बाजारात आणले. पाककृती फुकट दाखविल्या. मिळकतीची सोय मसाल्यानेही केली.

शिक्षणाच्या अभावी आपल्याला हे जमणार नाही, असे कोणी म्हणू नये. अहिल्यानगर जिल्ह्यातील सारोळा कासार या गावच्या सुमन धामणे या आजींना शाळेचे शिक्षण नव्हते. नातवाने त्यांच्या स्वयंपाकाची चित्रे घेऊन ‘आपली आजी’ या नावाने यूट्यूबवर दाखविण्यास सुरुवात केली, आणि कारल्याच्या भाजीसारख्या साध्या पदार्थाला लाखो प्रेक्षक मिळाले. त्यांच्यापाशी जे होते ते पुस्तकात नव्हते, हातात होते. हेच त्यांचे भांडवल ठरले.

आता आपल्या भागाकडे वळू. आपल्या हातात काय आहे?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची विभागणी झाली. बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद हा भाग आणि गुलबर्गा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. १९७३ साली म्हैसूरचे कर्नाटक झाले, २०१४ साली गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले. रेषा नकाशावर पडली, परंतु सोयरिकी तुटल्या नाहीत. निलंग्याची मुलगी भालकीस नांदते, औरादचा शेतकरी सोयाबीन घेऊन उदगीरला जातो, आणि आळंदचा माणूस अक्कलकोटच्या यात्रेला आपल्या घरी गेल्यासारखा जातो. या विभागणीबद्दलचे दुःख आणि वाद आपल्याला ठाऊक आहेत. त्यांत मी आज शिरत नाही. मला एवढेच दाखवावयाचे आहे, की या रेषेमुळे एक गरज निर्माण झाली, आणि जिथे गरज आहे तिथेच लेखनाला मोल आहे.

एक उदाहरण पाहा. महाराष्ट्रात जमिनीचा कागद म्हणजे सातबारा. कर्नाटकात त्या जागी पहाणी असते, आणि ती कन्नडमध्ये असते. इसवी सन २००० च्या सुमारास कर्नाटक सरकारने ‘भूमी’ योजनेखाली हे कागद संगणकावर आणले. आज पुण्यात राहणाऱ्या, पण भालकीस वडिलोपार्जित चार एकर असलेल्या मराठी माणसाला पहाणीतील कोणत्या रकान्यात काय आहे, वारसाची नोंद करावयाची तर अर्ज कोठे द्यावयाचा, हे मराठीत कोण सांगणार? पुण्याच्या लेखकाला पहाणी ठाऊक नाही, बंगळूरच्या लेखकाला त्या वाचकाची भाषा ठाऊक नाही. यंत्राने भाषांतर केले तरी तहसील कचेरीतील व्यवहार त्याला कळत नाही. ज्याने स्वतः वडिलांबरोबर जाऊन ते काम केले आहे, असा बीदर जिल्ह्यातील दुभाषी तरुणच ते लिहू शकतो. असे एक पान दिवसाला वीस जणांनीच वाचले तरी ते वीसही जण गरजू असतात, आणि गरजू वाचक लेखकाचे नाव विसरत नाही. तद्वत् कलबुर्गी, उदगीर आणि लातूर या बाजारांतील तुरीचे व सोयाबीनचे भाव एका ठिकाणी, मराठीत आणि कन्नडमध्ये, रोज सकाळी जो देईल, त्याला वर्गणीदार मिळावयास अडचण पडू नये.

दुसरे भांडवल यात्रेचे. अफझलपूर तालुक्यातील देवल गाणगापूर हे कन्नड प्रदेशात असून तेथे येणाऱ्यांत मराठी भाविकांचा भरणा मोठा. स्टेशनाचे नाव गाणगापूर रोड, परंतु देऊळ तेथून वीसेक किलोमीटरवर आहे, हे उतरल्यावर कळते. संगमावर पाणी कधी वाढते, मुक्काम कोठे करावा, दुपारची माधुकरी कशी असते, हे विचारणारे घराघरांत आहेत. हुमनाबादजवळचे माणिकनगर घ्या. एकोणिसाव्या शतकात होऊन गेलेल्या माणिकप्रभूंनी मराठी, कन्नड आणि हिंदुस्थानी अशा भाषांत पदे केली. या भागाचा स्वभावच त्यांत उतरला आहे. बसवकल्याण ही चालुक्यांची राजधानी आणि बसवेश्वरांची कर्मभूमी. विज्ञानेश्वराची मिताक्षरा ही चालुक्यांच्याच आश्रयाने लिहिली गेली. जलसंगवीच्या देवळात दगडावर अक्षरे लिहीत असलेल्या स्त्रीची मूर्ती आहे. बीदरमध्ये महमूद गवानाचा १४७२ चा मदरसा आहे, आणि नौबादेस जमिनीखालून पाणी आणणारा करेझ आहे. २०१७ साली बीदर-कलबुर्गी लोहमार्ग सुरू झाल्यापासून या दोन शहरांतील प्रवासही सुलभ झाला. एवढे असून या स्थळांची नीट, पाहून लिहिलेली मराठी माहिती थोडीच आढळते. ती लिहिणाऱ्याला जाहिरातीचे पैसे अल्प मिळतील. परंतु त्याच लेखनावरून जो वाटाड्या म्हणून ओळखला जाईल, त्याच्याकडे पुण्या-मुंबईची मंडळी फोन करून येतील.

तिसरे भांडवल मालाचे. बीदरी काम जगप्रसिद्ध आहे. जस्त आणि तांबे यांच्या मिश्रधातूची वस्तू ओतावयाची, तीवर छिन्नीने नक्षी कोरून तीत चांदी ठोकून बसवावयाची, आणि शेवटी बीदरच्या किल्ल्यातील माती नवसागराबरोबर उकळून तिच्यात वस्तू बुडवावयाची. म्हणजे धातू काळाभोर होतो आणि चांदी तशीच झळकत राहते. या कलेतील कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. खरे बीदरी काम आणि नकली काम यांतील फरक गिऱ्हाइकाला कळत नाही, ही कारागिरांची मोठी अडचण. तो फरक चित्रांसह समजावून देणारे लेखन हे त्या मालाचे उत्तम दुकान होय. कलबुर्गीच्या तुरीच्या डाळीलाही भौगोलिक मानांकन आहे. मात्र मानांकनाचे चिन्ह वापरावयाचे तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. समजा, एखाद्या शेतकरी कुटुंबाने पेरणीपासून डाळ भरडण्यापर्यंतचा प्रवास वर्षभर लिहून दाखविला, आणि त्यावरून पन्नास घरांनी महिन्यास दोन किलो डाळ मागविली. किलोमागे खर्च वजा जाता वीस रुपये सुटले, तरी महिन्याचे दोन हजार झाले. जाहिरातीच्या चारशेंच्या हे पाचपट आहे, आणि वाचक अवघे पन्नास.

चौथे भांडवल खुद्द भाषेचे. कन्नड आणि मराठी दोन्ही सहज येणारी माणसे दोन्ही राज्यांच्या राजधान्यांत थोडी. आपल्याकडे ती गल्लोगल्ली आहेत. बेळगावच्या उमा कुलकर्णी यांनी भैरप्पांच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या आणि त्यांना महाराष्ट्रात फार मोठा वाचक मिळवून दिला, हे सर्वांना विदित आहे. ललित वाङ्मयाचे अनुवाद प्रत्येकाला साधणार नाहीत. परंतु औषधांच्या सूचना, बियाण्यांची माहितीपत्रके, शाळांच्या सूचना, कंपन्यांच्या जाहिराती यांच्या अनुवादाचे काम रोज निघत असते. अशा कामासाठी ब्लॉग ही वकिलाच्या दारावरील पाटीसारखी गोष्ट आहे. पाटी स्वतः पैसे देत नाही. ती पक्षकाराला दार दाखविते.

आता सावधगिरीच्या चार गोष्टी. पहिली, परक्याच्या जागेत घर बांधतो आहोत याचे भान ठेवावे. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, आणि ज्यांनी आपले सारे प्रेक्षक तेथेच जमविले होते, त्यांचे दुकान एका रात्रीत उठले. त्याच वर्षी ऑक्टोबरात ‘आपली आजी’ हे चॅनेल कोणी तरी हस्तगत केले होते. सुदैवाने काही दिवसांनी ते परत मिळाले. म्हणून आपल्या स्वतःच्या नावाचे संकेतस्थळ थोडा खर्च करून घ्यावे, लेखनाची प्रत घरी राखावी, वाचकांच्या संमतीने त्यांचे फोन नंबर अथवा पत्ते स्वतःच्या वहीत ठेवावेत, आणि खात्याला दुहेरी कुलूप लावावे, म्हणजे सांकेतिक शब्दाखेरीज मोबाईलवर येणारा आकडाही लागेल अशी व्यवस्था करावी.

दुसरी गोष्ट कायद्याची. दुसऱ्याचे छायाचित्र अथवा संगीत विनापरवाना वापरू नये. यूट्यूबवर अशा तीन तक्रारी ग्राह्य ठरल्या तर चॅनेल बंद होऊ शकते. पैसे घेऊन एखाद्या मालाची स्तुती केली असेल, तर ती गोष्ट वाचकाला स्पष्ट सांगणे २०२२ सालच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक नियमांनी आवश्यक केले आहे. फसव्या जाहिरातीबद्दल दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कायदा नसता तरी हा नियम पाळणे हिताचेच होते. बियाणे न उगवल्यामुळे ज्या शेतकऱ्याचा हंगाम गेला, तो ते सुचविणाऱ्या लेखकावर पुन्हा विश्वास ठेवणार नाही. आणि त्या लेखकाजवळ विश्वासाखेरीज विकण्यासारखे दुसरे काही नसते.

तिसरी गोष्ट हिशेबाची. ही मिळकत प्राप्तिकराच्या कक्षेत येते. पॅन कार्ड आणि बँकेतील खाते स्वतःच्या नावाचे हवे. सेवेची वार्षिक उलाढाल वीस लाखांवर गेली, की जीएसटीची नोंदणी करावी लागते; मालाच्या बाबतीत मात्र कलबुर्गीहून सोलापूरला पाठविलेली पिशवी ही दुसऱ्या राज्यातील विक्री ठरते, आणि तेथे उलाढाल लहान असली तरी नोंदणी लागू शकते. खाद्यपदार्थ असेल तर अन्नसुरक्षेची नोंदणी हवी. जाणत्या कर-सल्लागाराला आरंभीच विचारून घ्यावे.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ब्लॉगवर लाखो रुपये मिळविण्याची विद्या शिकवितो, आधी दहा-वीस हजार भरा, असे म्हणणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा: ही विद्या जर इतकी फलद्रूप आहे, तर ती विकण्याची वेळ आपणावर का यावी? ब्लॉग सुरू करणे, लेख चढविणे, खाते उघडणे ही सारी माहिती फुकट उपलब्ध आहे. त्यासाठी आईची पाटली गहाण टाकण्याचे कारण नाही. फसवणूक झालीच तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. जितका उशीर होईल तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी होते.

मग आरंभ कसा करावा? हातची नोकरी वा शेती सोडू नये. एकच विषय निवडावा, आणि तोही असा, की ज्याविषयी गावातील लोक एरवीही आपल्यालाच विचारावयास येतात. असे लोकांनी विचारलेले पन्नास प्रश्न वहीत लिहून काढावेत. आठवड्यास एक, या हिशेबाने वर्षभरात त्यांची उत्तरे लिहून होतील. प्रत्येक उत्तर स्वतः पाहून, विचारून, पडताळून लिहावे. जे कागद कन्नडमध्ये आहेत ते मराठीत समजावून द्यावेत. भाषा आपलीच असू द्यावी. या भागातील मराठीत कन्नड आणि दखनी शब्द सहज मिसळलेले असतात, त्यांची लाज बाळगण्याचे कारण नाही. वाचक त्यांवरूनच ओळखतो की लिहिणारा आपल्यातला आहे. वर्षाच्या अखेरीस किती पैसे मिळाले हे पाहण्यापूर्वी किती माणसांनी पुन्हा येऊन प्रश्न विचारला, हे मोजावे. ती संख्या वाढत असेल, तर वर्गणी, माल अथवा सेवा यांपैकी एकीची वाट खुली झाली असे समजावे. ती वाढत नसेल, तर विषय बदलावा. वर्ष गेले तरी जवळची पुंजी गेलेली नसते.

या विषयाला पैशाखेरीज आणखी एक बाजू आहे. सीमाभागातील मराठीचा प्रश्न आपण बहुधा शाळा, कचेऱ्या आणि न्यायालये यांच्या संदर्भात मांडतो, आणि ते योग्यच आहे. परंतु जी भाषा माणसाच्या रोजच्या व्यवहारात उपयोगी पडते, तिचे वाचक टिकतात. भालकीतील एखादी तरुणी पहाणीचा अर्थ मराठीत लिहिते, आळंदचा एखादा शेतकरी तुरीवरील अळीची ओळख आपल्या बोलीत करून देतो, आणि त्यातून त्यांना महिन्याचा मोबाईलचा, विजेचा, मुलांच्या वह्यांचा खर्च सुटतो, तेव्हा त्या लेखनाला उद्याही लिहिले जाण्याचे कारण मिळते. हौसेवर चाललेले लेखन लग्न झाले, नोकरी लागली, की थांबते. चार पैसे देणारे लेखन चालू राहते. लाखाची आशा धरून या वाटेला लागणारे बहुधा सहा महिन्यांत परततील. पन्नास प्रश्नांची वही घेऊन निघालेल्याला मात्र या वाटेवर पोटापुरते काही तरी मिळेल, आणि त्याच्या मागून येणाऱ्याला मराठीत वाचावयास काही तरी उरेल.